मोठ्यांची सकाळ

मार्च लागला की आमच्या गावातले आवाज एकेक करून बंद होतात. देवळावरचा भोंगा मुका होतो. वरातीवाल्यांना वेशीबाहेरच बँड थांबवायला सांगतात. घरोघर टीव्हीवर चादर पडते. करडई काढायचं मशीनसुद्धा लोक लांबच्या वावरात नेऊन लावतात, कारण जवळच्या घरात कोणाचं तरी लेकरू दहावीला नाहीतर बारावीला बसलेलं असतं. लिंबाची वाळकी पानं अंगणात घसटतात, तेवढंच काय ते ऐकू येतं. पाहुणे म्हणतात, किती शांत गाव आहे तुमचं. मला त्या शांततेचं भ्या वाटतं.

मी चौथी शिकलेला माणूस, फिरवून बोलता येत नाही. संक्रांतीपासून माझ्या गळ्यात घास अडकायलाय. आधी भाकर अडकायची, आता भातही अडकतो. छातीच्या जरा वर, आत कोणी आडवा हात लावून धरल्यासारखा. परभणीच्या डॉक्टरनं दुर्बीण घालून बघायला सांगितलं. ती चिठ्ठी माझ्या बंडीच्या खिशात आहे. घरात कोणाला बोललो नाही. नात वैष्णवी बारावीला आहे. म्हणलं, पेपर होऊ द्यावेत, मग बघू. अन् असं मनात आल्याबरोबर अंगावर काटा आला. हे बोलणं मी आधी ऐकलेलं होतं. दोन वर्षांमागं, याच महिन्यात. तवा ते माझी बायको गया बोलली होती, अन् मी मान डोलावली होती.

आता गया नाही.

परवा चहाच्या हॉटेलात पार्कचा विषय निघाला. परभणीहून आमच्या गावाकडं येताना रस्त्याला एक पार्क आहे. पाण्याच्या घसरगुंड्या, गोल फिरणाऱ्या बादल्या, बोटीसारखा एक भलामोठा झोका. फॅमिली पार्क, असं कमानीवर लिहिलंय. परीक्षेच्या दिवसांत लेकरं येत नाहीत, सगळं रिकामं पडतं, म्हणून मालक दरसाल पाटी लावतो: सकाळी दहा ते एक फक्त मोठ्यांसाठी. यंदा कोणीतरी तक्रार केली म्हणे, की हे बंद करा.

"बरोबर केली तक्रार," रिटायर झालेले गुरुजी म्हणाले. "फॅमिली पार्क म्हणायचं अन् लेकरांनाच दाराबाहेर ठेवायचं. मग फॅमिली कुठं राहिली?"

"लेकरं पेपर लिव्हायलेत गुरुजी," हॉटेलवाला म्हणाला. "तवर काय बोट रिकामीच हलवावी का त्यानं?"

"हलवू न्हाई. बंद ठेवावी. कॉलेजची पोरं-पोरी जोडीनं येतात तिथं. अन् वर म्हातारे! या वयात झोके घ्यायची काय हौस?"

भीमराव माझ्या बरोबरीचा, त्याला कुठंही गंमत सुचते. तो म्हणाला, "हौसेचं सोडा. बोट वर गेल्यावर कवळी पडली तर खाली कोणाच्या डोक्यात हुडकावी?"

सगळे हसले. गुरुजी माझ्याकडं वळले. "रंगनाथराव, तुमी बोला. तुमचं काय म्हणणं?"

चहाचा घोट गळ्यात होता. तो खाली जाईना. मी हातानंच नाही नाही केलं अन् उठलो. माझ्याकडं बोलायला काही नव्हतं असं नाही. त्या पार्कातल्या मोठ्यांच्या सकाळबद्दल माझ्याएवढं बोलणारा सगळ्या गावात कोणी नसेल. पण ते बोलायला घेतलं तर गयाला मधे आणावं लागलं असतं, अन् हॉटेलात मला रडायचं नव्हतं.

त्या साली वैष्णवी दहावीला होती. पळसाला फुलं आलेली. गया न्हाणीतून बाहेर आली अन् मला म्हणाली, "जरा इकडं या." माझा हात धरून तिनं पदराखाली छातीवर ठेवला. एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं दिवसाउजेडी माझा हात असा कधी धरला नव्हता. बोटांना गाठ लागली. बोराच्या बीसारखी टणक, हलवली तर हलेना.

"कवापासून हाय?"

"थंडीपासून."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"आता बोलले की."

आम्ही परभणीला गेलो. तुकडा तपासायला दिला. ज्या दिवशी वैष्णवीचा पहिला पेपर, त्याच दिवशी रिपोर्ट मिळाला. डॉक्टरनं तो दोनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाला, "बाबा, उशीर करू नका. याच आठवड्यात नांदेडला जा, ऑपरेशन करावं लागेल." गयानं मान खाली घालून विचारलं, "सायेब, दुखत तर काईच न्हाई." डॉक्टर म्हणाला, "तेच वाईट असतं, मावशी."

एसटीत आम्ही शेजारी बसलो. ती खिडकीला. बाहेर गहू पिवळा पडलेला. मी दवाखान्याची पिशवी मांडीवर धरून बसलो. पार्काजवळ गाडी हळू झाली. गयाला वाचता यायचं, पण एकेक अक्षर जोडत. ती पाटी वाचू लागली. फ, क्त, मो, ठ्यां... वाचून झालं तशी एकदम उभी राहिली.

"थांबवा व गाडी."

कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं गाव पुढं हाय."

"आमचं आलंय," ती म्हणाली.

मला वाटलं, हिला उलटी होतेय. खाली उतरलो. ती पदर खोचून सरळ कमानीकडं चालायला लागली. दारावरच्या माणसानं विचारलं, "लेकरं न्हाईत ना सोबत?" गया म्हणाली, "लेकरं पेपराला. आमीच हाव."

आत मानवतकडच्या बचत गटाच्या बायका आलेल्या होत्या, पंधरा-वीस. एक ठसठशीत बाई सगळ्यांची म्होरकी, तिला सगळ्या चंद्रकलाबाई म्हणत होत्या. तिनं गयाला बघितलं, लुगडं, कपाळावरचं मोठं कुंकू, अन् मागं मी, हातात दवाखान्याची पिशवी धरून उभा. म्हणाली, "या की आजी, बोटीत जागा हाय. मालकाला बी घ्या. का ते खालीच राखण करत्यात?"

"घ्यायलेच," गया म्हणाली. "घरी एकटीच भिते, हितं एकटीनं कामून भ्यावं?"

मला झोक्याची भीती लहानपणापासूनची. नागपंचमीला झाडाला बांधलेल्या दोरावरही मी कधी बसलो नाही. पण त्या दिवशी नाही म्हणायची ताकद नव्हती. पोटावर लोखंडी दांडा आला. खटका बसला. आधी बोट नुसती डुलली. मग मागं गेली, पुढं गेली, अन् एकदा जी वर गेली ती वरच थांबली. खाली झाडांचे शेंडे, बायकांच्या चपला, टपरीवरचा पत्रा. पोट कुठंतरी मागंच राहिलं. सगळ्या बायका ओरडायला लागल्या. अन् त्या ओरडण्यात मला माझ्या शेजारून माझं नाव ऐकू आलं.

"रंगनाथाऽऽ!"

गयानं लग्नापासून माझं नाव घेतलं नव्हतं. घेतलं ते उखाण्यात, तेही दोन-चार वेळा, लोकांनी दार अडवलं म्हणून. मतदानाच्या चिठ्ठीवर नाव विचारलं तरी शेजारणीला सांग म्हणायची. ती आता दांडा घट्ट धरून, डोळे मिटून, नुसतं माझं नाव ओरडत होती. बोट खाली आली की गप. वर गेली की पुन्हा. ते झोक्याच्या भीतीनं ओरडणं नव्हतं. मला माहीत होतं ते कशाचं होतं. अन् मीही ओरडायला लागलो. मी माझ्या मेलेल्या मायला हाका मारल्या. सत्तरीला टेकलेला माणूस मायऽ मायऽ करत होता, अन् कोणी माझ्याकडं वळून बघत नव्हतं, कारण तिथं सगळेच ओरडत होते.

बोट थांबली तशी चंद्रकलाबाई म्हणाली, "आजीनं नाव घेतलं गं! उखाण्याबिगर घेतलं!" बायकांनी टाळ्या पिटल्या. गया तोंडाला पदर लावून हसली. पदर काढला तवा तो सगळा भिजलेला होता.

हॉटेलात मला जे बोलता आलं नाही ते हे आहे. गुरुजी, लेकरू संगं असलं की मोठ्या माणसाला भ्यायची मुभा नसते. बाप लेकराला घेऊन बोटीत बसतो तवा त्याचाही जीव खालीवर होतो, पण तो लेकराला म्हणतो, काही होत नाही रे. माय दात दाबून हसते. घरी पण तेच. पुरात बैल वाहून चालला तवाही मी दत्ताला, माझ्या लेकाला, म्हणालो होतो, येतंय परत. मोठं व्हायचं म्हणजे तोंड सरळ ठेवायचं, हेच आम्हाला शिकवलं. मग ते तोंड वाकडं कुठं करायचं? वावरात ओरडलं तर लोक पळत येतात, काय चावलं विचारतात. देवळात ओरडलं तर अंगात आलं म्हणतात. त्या बोटीत मात्र कोणी काही विचारत नाही. एवढ्यासाठी ती सकाळ पाहिजे. हौस कसली, गुरुजी?

हे माझं म्हणणं होतं. आता त्यात फरक पडलाय, ते पुढं सांगतो.

बोटीतून उतरल्यावर आम्ही लिंबाखाली बसलो. लिंबाला मोहर आलेला, कडवट गोड वास. गयानं भाकर सोडली, वर ठेचा. तवा मी भाकर खात होतो, गळ्याखाली सरळ उतरत होती, त्याची काही किंमत वाटत नव्हती. ती म्हणाली, "पोरीचे पेपर होऊ द्या. तवर घरात तोंडातून काढायचं न्हाई. लेकराचं साल वाया जाईल."

"डॉक्टरनं या आठवड्यात म्हणलंय."

"डॉक्टरला नात हाय का दहावीला?"

मी मान डोलावली. इथं मला खरं लिहायचं आहे. मी नातीसाठी मान डोलावली नाही. नांदेडचा दवाखाना, ते ऑपरेशन, सह्या, बाहेरच्या बाकावर बसून राहणं, या सगळ्याचं मला एवढं भ्या होतं की कोणीतरी ते पुढं ढकललं याचं बरं वाटलं. पोरीचं निमित्त झालं. गयाच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. विचारायचंही भ्या होतं.

त्यानंतर तीनदा पार्कात गेलो. घरी सांगायचो, पोखर्णीला नरसिंहाला जाऊन येतो, पोरीच्या पेपरासाठी. सून सुरेखा भोळी. तिनं पहिल्या खेपेलाच हातात नारळ दिला. "मामा, आत्या, माझ्याकडून बी वाढवा."

पार्कात बोट झाली, बादल्या झाल्या. मी म्हणलं, नारळ हितंच फोडून खाऊ. गया माझ्यावर चिडली. "सुनेशी खोटं बोलले ते बोलले. देवाशी बोलायचं मला भ्या वाटतं." मग भर दुपारच्या उन्हात पोखर्णी. देवळातल्या फरशीवर पाय भाजायचे, आत गेलं की गार. ती नारळ द्यायची, हात जोडून उभी राहायची, ओठ हलायचे. मी बाहेर खांबाला टेकून तिची पाठ बघायचो. लुगड्यात ती पाठ तशीच होती, रुंद, सरळ. बघून वाटायचं, काही झालेलं नाही. आपणच घाबरट. घरी येताना आम्ही खरंच हसत यायचो. ओरडून गळा मोकळा झालेला असायचा. दारात वैष्णवी पुस्तक घेऊन बसलेली असायची. गया तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायची अन् विचारायची, "झाला का गं अभ्यास?"

सव्वीस दिवस असे गेले. भूगोलाचा शेवटचा पेपर झाला, त्या दिवशी दुपारीच आम्ही सांगितलं. दत्ता जेवत होता. ताटावरून उठला, हात तसाच उष्टा, अन् एवढंच म्हणाला, "दादा, तुमी हे काय केलंत." मग नांदेड. ऑपरेशन. केस गेले, कुंकू लावायला कपाळ तेवढं मोठं झालं, असं ती स्वतःच म्हणायची. पुढच्या हुरड्याच्या दिवसांत ती गेली. मी डॉक्टरला विचारलं, ते सव्वीस दिवस नसते गेले तर? तो म्हणाला, "आता मागं जाऊन काही सांगता येत नाही, बाबा." त्यानं मला दोष दिला असता तर बरं झालं असतं. दोष दिला की माणूस तो उचलून घेतो. त्यानं मला काहीच हातात दिलं नाही. म्हणून ते दिवस माझ्या घरात अजून हिंडतात. भोंगा बंद झाला की ऐकू येतात.

हॉटेलातून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सकाळी ओट्यावर बसून भाकर दुधात कुस्करत होतो. वैष्णवी समोर रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलेली. पेपर परवा. तिनं पुस्तकातून मान वर केली नाही.

"आबा, तुमी रोज भाकर भिजवून खायलात."

"दात गेले की गं."

"दात तेवढेच हायत. काल जांभई दिली तवा बघितलं मी."

"तू अभ्यास कर."

"तुमी पाणी पिऊन मान वाकडी करता. गिळायला होईना का?"

मी वाटी खाली ठेवली. तिनं पुस्तक मिटलं.

"आजीचं बी मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"गाठ. पेपराच्या आधी पाया पडून मी तिला कवटाळलं तवा मला लागली. पहिल्याच पेपराला. मी सेंटरवर जाईस्तोवर रडले."

"मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी दोघं देवाला जाऊन हसत यायचा. मला वाटलं तुमालाच माहीत न्हाई." तिचा आवाज फुटला. "म्हणलं, पेपर होऊ द्यावेत, मग सांगते. मीच सव्वीस दिवस वाया घातले आबा. मला दोन वर्षं हेच वाटायलंय."

पंधरा वर्षांचं लेकरू तेव्हाचं. एका घरात, एका भिंतीच्या अलीकडं पलीकडं, आम्ही तिघं एकच गोष्ट पोटात धरून बसलो होतो, अन् वर टीव्हीवर चादर, की शांतता पाहिजे. आम्हाला निदान बोट होती. दारावर लेकरांना मनाई होती म्हणून आम्ही पोटभर ओरडलो. त्या लेकराला काय होतं? भूगोलाचं पुस्तक. ती कुठं जाऊन ओरडली असेल? आम्ही खोबरं हातावर ठेवून अभ्यास विचारत होतो.

गुरुजी, तुम्ही आता पुन्हा विचारलंत तर मी सांगेन. ती सकाळ बंद करू नका. कोणाकोणाला तिचा लय आधार असतो. पण तिथं जाऊन आम्ही जे ओरडलो, ते घरी येऊन साध्या आवाजात बोलायला पाहिजे होतं. लेकरांना वाचवतो म्हणून आम्ही त्यांना दाराबाहेर ठेवलं, अन् ती दाराबाहेर एकटीच भ्यायली. भ्या लपवलं की लेकराला कळत नाही असं नसतं. त्याला फक्त ते कोणाशी बोलता येत नाही.

मी तिला म्हणलं, "तू न्हाई घातलेस गं. तुझ्या आजीला माहीत होतं. मला बी. आमी हसत यायचो ते वेगळ्या कारणानं." अन् सगळं सांगितलं. पाटी, बोट, चंद्रकलाबाई, माझं नाव. नावाचं ऐकून ती रडता रडता हसली. मग खिशातली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिनं वाचली. तारीख बघितली. तोंड पांढरं पडलं.

"पप्पा!" तिनं आत हाक मारली. एवढ्या मोठ्यानं, की शेजारचे बाहेर आले. मार्चात आमच्या गल्लीत एवढा मोठा आवाज कोणी करत नाही.

मी म्हणलं, "परवा पेपर हाय तुझा."

"तो परवा हाय," ती म्हणाली. "उद्या आपण जाऊ."

हे मी परभणीच्या दवाखान्यात बाकावर बसून लिहायलोय, तिच्याच वहीच्या मागच्या पानावर. दत्ता खाली कागद भरायला गेलाय. ती माझ्या शेजारी रसायनशास्त्र वाचतेय, पान मात्र अर्ध्या तासापासून उलटलं नाही. गळा कोरडा आहे. पाणी प्यायची मनाई आहे. आतून कोणाच्या तरी खोकण्याचा आवाज येतोय, लांबत जाणारा. मी तिला म्हणलं, "मला लय भ्या वाटायलंय." आयुष्यात पहिल्यांदा लेकरासमोर बोललो.

"मला बी," ती म्हणाली, अन् सरकून बसली.

आता दार उघडलं. नर्सनं माझं नाव घेतलं. मग आमच्याकडं बघून विचारलं, "बाबा, सोबत मोठं माणूस कोण आलंय?"

मी वैष्णवीकडं बोट केलं.